इतवारीची ओळ आणि शोधयंत्राची यादी

नागपूर शहरातल्या काही वस्त्यांची नावे आपण मनात एकदा म्हणून पाहा. इतवारी, बुधवारी, मंगळवारी, शुक्रवारी. ही नावे कोणा राजाची नाहीत की देवाची नाहीत. ती वारांची आहेत. ज्या वारी जेथे बाजार भरे, तो वार त्या जागेला चिकटला आणि पुढे बाजार रोजचा झाला तरी नाव तेच राहिले. गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी वसवलेले आणि पुढे भोसल्यांच्या राजवटीत वाढलेले हे शहर. त्या काळी खेड्यातून बैलगाडी घेऊन येणाऱ्या माणसाजवळ नकाशा कोठून असणार? पण बाजाराच्या नावातच त्याला कधी जायचे आणि कोठे जायचे, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर मिळत असे.

इतवारीत शिरल्यावर पुन्हा ओळी लागतात. सराफा ओळी, किराणा ओळी, लोहा ओळी. एका मालाची दुकाने एका ओळीत. फाळ हवा असेल त्याने लोहा ओळीत जावे, मुलीच्या लग्नाचे दागिने करायचे असतील त्याने सराफ्याकडे वळावे. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ही व्यवस्था समजत होती. बरे, एकाच मालाची पन्नास दुकाने एका ओळीत असली म्हणजे त्यांत कोणाकडे जायचे? तेथे गिऱ्हाईक दुसरी युक्ती वापरी. तो गावातल्या जाणत्या माणसाला विचारी. "अमक्याकडे जा, मापात खोट नाही," असे पाटलाने सांगितले की झाले.

वाचकहो, मी आपल्याला ज्या विषयाची ओळख करून देणार आहे त्याचे नाव जरा दांडगे आहे. सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन. व्यापारी मंडळी त्याला नुसते एसईओ म्हणतात. संगणकावर किंवा मोबाइलवर कोणी काही शोधू लागला, तर शोधयंत्राने दाखवलेल्या यादीत आपल्या दुकानाचे संकेतस्थळ नीट आणि वर सापडावे, यासाठी जी मांडामांड करायची तिचे हे नाव. नाव परके असले, तरी त्यातला प्रश्न इतवारीतलाच आहे. माल आहे, गिऱ्हाईक आहे, पण गिऱ्हाईकाला माल सापडायचा कसा? या प्रश्नाचा इतिहास थोडा मागून पाहिला, तर आजची यंत्रे कशी चालतात हे सहज उमगते, आणि कोणाच्या भूलथापांना बळी पडायचे नाही, हेही कळते.

हा प्रश्न केवळ शहरातल्या दुकानदाराचा आहे, असे मात्र समजू नका. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या भागातला संत्रा उत्पादक घ्या. फळे झाडावर असतानाच बगीचा व्यापाऱ्याला उक्ता विकून टाकण्याची चाल या भागात जुनी आहे. का विकतो तो? कारण खाणारा माणूस त्याला ठाऊक नसतो, आणि खाणाऱ्याला तो ठाऊक नसतो. मधल्या माणसाजवळ दोघांचेही पत्ते असतात, आणि त्या पत्त्यांचीच तो किंमत घेतो. म्हणजे सापडणे न सापडणे ही चैनीची बाब नाही. पेटीमागे हातात किती रुपये पडतात, हे काही अंशी त्यावर ठरते.

आता थोडा इतिहास. रेल्वे नागपूरला 1867 साली पोचली आणि मालाला दूरचे गिऱ्हाईक मिळण्याची वाट मोकळी झाली. 1877 साली हिंदुस्थानच्या टपाल खात्याने व्ही. पी. पद्धत सुरू केली. पार्सल घरी येईल, पैसे पोस्टमनच्या हातात द्यायचे, असा तो व्यवहार. त्याच वर्षी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात चालू झाली. आता दुकानदार आणि गिऱ्हाईक यांनी एकमेकांचे तोंड पाहण्याची गरज उरली नाही. पण मग भेट घडवायची कोणी? हे काम वर्तमानपत्रांच्या जाहिरातींनी उचलले. काढे, चूर्णे, पुस्तके, घड्याळे, सगळ्यांच्या जाहिराती येऊ लागल्या. जाहिरात म्हणजे मात्र ओरडून सांगणे. ज्याला गरज आहे त्यालाही ऐकू येते आणि ज्याला नाही त्यालाही.

याहून निराळा मार्ग एका मराठी कारखान्याने शोधला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढले, तेव्हा शेतकरी ते घेईनात. लोखंडाने जमीन बिघडते, अशी समजूत होती. नुसती "आमचा नांगर घ्या" अशी जाहिरात करून ही समजूत जाणारी नव्हती. किर्लोस्करवाडीहून 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचे पत्रक काढले. कारखान्याची आणि मालाची माहिती लोकांपर्यंत न्यावी, हा मूळ हेतू. हळूहळू त्यात वाचनीय मजकूर वाढला आणि त्यातूनच पुढे 'किर्लोस्कर' मासिक उभे राहिले. गिऱ्हाईकाच्या उपयोगाचे काही लिहा, म्हणजे तो आपल्या पायांनी तुमच्याकडे येतो, हे तत्त्व यात आहे. आज एसईओचे शिक्षण देणारे लोक हेच तत्त्व नव्या शोधासारखे सांगतात. शंभर वर्षांपूर्वी ते आपल्याकडे अमलात आले होते.

सापडण्याची दुसरी बाजू म्हणजे सूची. शिक्षक मित्रांना हे निराळे सांगायला नको. जाड पुस्तकात एखादा विषय शोधायचा तर आपण पहिल्या पानापासून वाचत बसत नाही, मागची सूची उघडतो. शब्द पाहायचा, समोरचा पृष्ठांक पाहायचा, पान काढायचे. या कामाचा मोठा नमुना नागपूरशी जोडलेला आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म 1884 साली रायपूरचा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी 1911 साली डॉक्टरेट मिळवली. परत आल्यावर त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा संकल्प सोडला आणि त्यासाठी नागपुरात ज्ञानकोश मंडळ ही लिमिटेड कंपनी काढली. ज्ञानकोश म्हटले की आपल्याला विद्वान आणि पोथ्या आठवतात. पण केतकरांना गावोगाव हिंडून वर्गणीदारही मिळवावे लागले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. 1920 ते 1929 या काळात एकूण तेवीस खंड बाहेर पडले, आणि त्यांतला एक अख्खा खंड सूचीचा आहे! बाकीच्या खंडांत काय कोठे आहे, हे सांगण्यासाठी एक वेगळा ग्रंथ. एवढी खटपट कशासाठी? कारण असलेली माहिती सापडली नाही, तर ती नसल्यासारखीच.

योगायोग असा की, त्याच कॉर्नेल विद्यापीठात 1965 पासून जेरार्ड सॉल्टन नावाचे प्राध्यापक यंत्राकडून सूची करवून घेण्याच्या विद्येवर काम करू लागले. ढीगभर लेखांतून हवा तो लेख यंत्राने कसा काढावा, हा त्यांचा विषय. पुढे 1972 साली इंग्लंडमधल्या कॅरन स्पार्क जोन्स या विदुषीने एक साधी पण फार मोलाची गोष्ट मांडली. जो शब्द सगळ्याच लेखांत येतो, त्याचा शोधाला उपयोग नाही. जो थोड्याच लेखांत येतो, त्याचे वजन जास्त धरावे. मराठीत सांगायचे तर "आणि", "आहे", "उत्तम" हे शब्द सर्वत्र सापडतात. पण "आंबिया बहार" किंवा "मृग बहार" हे शब्द संत्र्यामोसंबीच्या बागेत फिरणारा माणूसच लिहितो. शोधणाऱ्याने "मृग बहार" असे विचारले, तर यंत्राला नेमके पान काढता येते. हा मुद्दा आपण पुढे पुन्हा घेऊ.

1989 साली टिम बर्नर्स-ली यांनी युरोपातल्या सर्न या प्रयोगशाळेत वेबची कल्पना मांडली आणि 1991 साली ती जगासाठी खुली झाली. एका पानावरून दुसऱ्या पानावर उडी मारता यावी असा दुवा, म्हणजे लिंक, हा तिचा प्राण. आपल्या देशात विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी सामान्य जनतेसाठी इंटरनेट सुरू केले. तोवर पाने इतकी वाढली होती की, नुसत्या ओळखीवर काही सापडेना. 1994 साली स्टॅनफर्डच्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी 'याहू' ही यादी केली. ती माणसांनी लावलेली होती, विषयवार. म्हणजे आपली सराफा ओळी, किराणा ओळीच म्हणा ना! प्रत्येक विषयाखाली नावे वर्णानुक्रमाने. मग काय झाले? काही व्यापाऱ्यांनी आपले नाव यादीत पहिले यावे म्हणून ते मुद्दाम पहिल्या अक्षरापासून ठेवायला सुरुवात केली. टेलिफोनच्या पिवळ्या पानांतही हीच युक्ती चाले. यादी आली की तिच्या मागोमाग लबाडी येते, हे सूत्र येथून पुढे पुन्हा पुन्हा दिसेल.

नंतरच्या यंत्रांनी माणसाचा हात काढून घेतला. त्यांचे काम तीन भागांत चालते, आणि ते नीट समजून घ्यावे. पहिला भाग फिरण्याचा. एक आज्ञावली एका पानावरून दुव्याने दुसऱ्या पानावर, तेथून तिसऱ्यावर अशी हिंडत राहते. तिला क्रॉलर किंवा कोळी म्हणतात. पोस्टमनने गल्लीगल्लीतून जात प्रत्येक दारावरची पाटी टिपून घ्यावी, तसे हे काम. दुसरा भाग सूचीचा. कोणता शब्द कोणकोणत्या पानांवर आहे, याची प्रचंड वही करायची. आपण शोधतो तेव्हा यंत्र त्या क्षणी साऱ्या जगात धावत नाही. ते आधी करून ठेवलेली वही उघडते. म्हणून ज्या पानापर्यंत कोळी पोचलाच नाही, ते पान कितीही सुंदर असो, यादीत येत नाही. तिसरा भाग क्रमाचा. लाखो पानांत शब्द सापडला, पण पहिल्या दहांत कोणाला बसवायचे? खरी मारामारी येथे आहे, कारण दुसऱ्या पानापर्यंत जाण्याइतका धीर फार थोड्या लोकांना असतो.

आरंभीची यंत्रे क्रम लावताना मुख्यतः पानावरचे शब्द पाहत. पानाच्या पोटात, वाचकाला न दिसणाऱ्या जागी, "या पानाचे मुख्य शब्द अमुक" असे लिहिण्याची सोय होती. लोकांनी तेथे वाटेल ते भरले. एकच शब्द शंभर वेळा लिहिला. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत लिहिला, म्हणजे माणसाला दिसू नये पण यंत्राने वाचावा. विकायची चप्पल आणि शब्द सिनेमानटीचे, असा प्रकार झाला. शेवटी 2009 साली गूगलने जाहीर करून टाकले की, क्रम लावताना आम्ही ती मुख्य शब्दांची जागा मुळीच पाहत नाही.

लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन संशोधकांनी 1998 साली जी रीत मांडली, ती आपल्या पाटलाच्या शिफारशीसारखी आहे. एखाद्या पानाकडे दुसऱ्या पानाने दुवा दिला, तर ती एक शिफारस धरायची. पण सगळ्या शिफारशी सारख्या नाहीत. ज्याची स्वतःची शिफारस पुष्कळांनी केली आहे, त्याच्या शब्दाला वजन अधिक. सोयरीक जुळवताना आपण हेच करतो. मुलाविषयी वाटसरूने चांगले सांगितले तर ऐकून घेतो. मामाने सांगितले तर विचार करतो. संशोधनाच्या क्षेत्रात हा विचार आधीपासून होता. यूजीन गारफील्ड यांनी 1964 साली शास्त्रीय निबंधांची एक सूची प्रसिद्ध केली होती. कोणत्या निबंधाचा उल्लेख पुढे कोणी केला, ते तिच्यात पाहता येई. पेज आणि ब्रिन यांनी तशीच नजर वेबकडे वळवली. त्यांच्या पहिल्या यंत्राजवळ सुमारे 2 कोटी 40 लाख पाने होती. त्यांनी काढलेली कंपनी म्हणजेच गूगल.

मग शिफारशींचाही बाजार भरला. कोणी पैसे घेऊन दुवे विकू लागले. कोणी हजार खोटी पाने करून ती सारी एकाच दुकानाकडे वळवली. मोठ्या माणसांनाही हा मोह आवरला नाही. 2006 सालच्या फेब्रुवारीत बीएमडब्ल्यू या नामांकित मोटार कंपनीचे जर्मनीतले संकेतस्थळ गूगलने यादीतून काढून टाकले. यंत्राला एक पान दाखवायचे आणि माणसाला दुसऱ्याच पानावर न्यायचे, असा तेथे प्रकार होता. कंपनीने ती पाने काढली, तेव्हा ते परत घेतले गेले. 2011 साली 'पांडा' नावाच्या बदलाने पोकळ, उसन्या मजकुराची पाने खाली ढकलली गेली. 2012 साली 'पेंग्विन' आला आणि खोट्या दुव्यांवर उभ्या असलेल्या पानांचा पाया गेला. ज्यांनी वर्षानुवर्षे युक्त्यांवर धंदा चालवला, त्यांचे गिऱ्हाईक एका आठवड्यात नाहीसे झाले. ज्यांनी सरळ काम केले होते, त्यांतल्याही काहींना झळ लागली, हे कबूल केले पाहिजे. यंत्र न्यायाधीश नव्हे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. 1998 च्या त्याच निबंधात पेज आणि ब्रिन यांनी लिहून ठेवले होते की, जाहिरातींवर जगणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकेल. आणि दोनच वर्षांनी, 2000 सालच्या ऑक्टोबरात, गूगलने आपली जाहिरातसेवा सुरू केली! आज यादीच्या वरच्या भागात "प्रायोजित" असा शब्द लिहिलेल्या ज्या ओळी दिसतात, त्या पैसे देऊन लावलेल्या असतात. पैसे थांबले की त्या जागा जातात. त्यांच्याखाली ज्या येतात, त्यांच्यासाठी गूगल पैसे घेत नाही; एसईओचा संबंध त्यांच्याशी. 2018 साली भारतीय स्पर्धा आयोगाने शोधाच्या निकालांत पक्षपात केल्याबद्दल गूगलला सुमारे 136 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाजाराची जागा एकाच माणसाच्या मालकीची झाली म्हणजे ओटे कोणाला मिळतात, याकडे गावाने लक्ष ठेवावे लागते. तसेच हे.

आता आपल्या मराठीची गोष्ट. माझ्या मते या साऱ्या इतिहासात आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे प्रकरण हेच आहे. यंत्र अक्षर पाहत नाही, अक्षराला दिलेला क्रमांक पाहते. 1990 च्या दशकात आणि नंतरही बरीच वर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटांत टंकला जाई. त्या फाँटांत रोमन अक्षराच्या क्रमांकावर "क"चे चित्र बसवलेले असे, आणि एका फाँटाची मांडणी दुसऱ्याला लागू नसे. डोळ्यांना मराठी दिसे, यंत्राला मात्र रोमन अक्षरांचा चिवडा. परिणाम काय झाला? वर्तमानपत्रे, संस्था, कचेऱ्या यांनी वर्षानुवर्षे मराठीत लिहिलेला मजकूर शोधयंत्राच्या वहीत मराठी म्हणून कधी चढलाच नाही. तो होता, पण सापडत नव्हता. युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीला 1991 सालीच जागा मिळाली होती. विंडोज 2000 पासून ती घरगुती संगणकातही चालू लागली. तरी सवय सुटायला फार काळ लागला. मराठी विकिपीडिया 2003 साली युनिकोडात सुरू झाला, आणि आज एखादा मराठी शब्द शोधला की त्याचे पान बहुधा वर दिसते. केतकरांचा ज्ञानकोशही आज युनिकोडात वाचता येतो. 2014 सालच्या ऑगस्टपासून तर संकेतस्थळाचा पत्तासुद्धा देवनागरीत, शेवटी ".भारत" लावून घेता येतो.

आणि अजूनही एक चूक सर्रास दिसते. बचत गट सुंदर पत्रक करतो, छपाईवाल्याकडून रंगीत चित्र करून घेतो आणि ते चित्रच संकेतस्थळावर चढवतो. चित्रातली अक्षरे यंत्राला नीट वाचता येतील, याचा भरवसा नाही. पापडाचे नाव, गावाचे नाव, भाव, फोन, हे सारे चित्राबाहेर साध्या युनिकोड अक्षरांत लिहिले पाहिजे.

व्याकरणाचे शिक्षक येथे एक शंका काढतील, आणि ती रास्त आहे. मराठीत शब्द बदलतो. संत्रे, संत्री, संत्र्याचा, संत्र्यांना. विदर्भात तर आपण "संत्रा" म्हणतो. पुण्याचा माणूस "संत्री" लिहून शोधेल, नागपूरचा "संत्रा" लिहील, आणि पुष्कळ जण मराठी शब्द रोमन लिपीतच टंकतील. यंत्रे आता यांतले बरेच साम्य ओळखतात, पण इंग्रजीइतक्या सफाईने ओळखतीलच असे नाही. यावर उपाय सोपा आहे. पानावर मजकूर सहज वाक्यांत लिहावा, म्हणजे शब्दाची निरनिराळी रूपे आपोआप येतात. एकच शब्द घोकत बसू नये.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. समजा, काटोलकडच्या दहा शेतकऱ्यांच्या गटाने संकेतस्थळ केले आहे. "उत्कृष्ट दर्जा, वाजवी भाव, विनम्र सेवा" असे त्यांनी वर लिहिले, तर ते वाक्य देशातल्या प्रत्येक दुकानावर आहे. कॅरन स्पार्क जोन्स यांचा नियम आठवा. त्याऐवजी "काटोलची नागपुरी संत्री, मृग बहार, थेट बागेतून" असे पानाचे नाव द्यावे. पानाचे नाव ही दुकानाची पाटी. यादीत ठळक अक्षरांत बहुधा तीच दिसते. खाली पेटीचे वजन, तोडणीचा महिना, पाठवण्याची सोय, टिकण्याचे दिवस हे लिहावे. नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आपले फळ त्यात बसत असेल तर तेही लिहावे. गिऱ्हाईक फोनवर जे प्रश्न विचारते, ते महिनाभर वहीत टिपा आणि त्यांची उत्तरे पानावर द्या. याहून चांगला मजकूर कोणी विकत देऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट पत्त्याची. नाव, पत्ता आणि फोन सगळीकडे एकसारखा असावा. एके ठिकाणी "श्री फळ भांडार", दुसरीकडे "श्री फ्रूट सेंटर" असे लिहिले, तर यंत्राला ही दोन दुकाने वाटतात. गूगलच्या नकाशावर आपल्या दुकानाची नोंद फुकट करता येते. 2021 पासून तिला बिझनेस प्रोफाइल असे नाव आहे. गावातल्या गिरणीवाल्याने, सायकल दुरुस्त करणाऱ्याने, खानावळ चालवणाऱ्या बाईने एवढे केले तरी पुष्कळ झाले. त्यांना संकेतस्थळाची गरज असेलच असे नाही.

तिसरी गोष्ट वेगाची. आपले गिऱ्हाईक मोबाइलवर पाहते, आणि खेड्यात तार नेहमी दमाने चालते. 2015 सालच्या एप्रिलपासून गूगल मोबाइलवरच्या शोधात, पान मोबाइलवर नीट वाचता येते की नाही, हेही पाहू लागले. जड चित्रे, नाचणाऱ्या पाट्या, आपोआप वाजणारे संगीत काढून टाका. प्रत्येक चित्राला शब्दांत नाव द्या. प्रत्येक पानावर दुसऱ्या पानावरून जाता येईल असा दुवा ठेवा, नाहीतर कोळी तेथे पोचणार कसा?

चौथी गोष्ट शिफारशीची. आपल्या तालुक्याची शेतकी संस्था, शाळा, सहकारी संघ, वर्तमानपत्र यांनी आपल्याविषयी खरोखर काही लिहिले आणि दुवा दिला, तर तो सोन्यासारखा. विकत घेतलेले शंभर दुवे त्याच्यापुढे कथील. गिऱ्हाईकांना प्रामाणिक अभिप्राय लिहायला सांगा. पुतण्याकडून वीस खोटे लिहून घेऊ नका.

आणि एक इशारा. "महिन्यात तुम्हाला पहिल्या क्रमांकावर आणून देतो, हमी घ्या," असे सांगत लोक फिरतात. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही; गूगलसुद्धा हेच सांगते. चांगला कारागीर पान नीट करून देईल, चुका दाखवील आणि काही महिने वाट पाहायला सांगेल. त्याला मजुरी द्यावी. पण हमीवाल्याला दारातूनच रामराम करावा.

2024 पासून गूगलच्या यादीच्या वर यंत्राने स्वतः रचलेले उत्तरही दिसू लागले आहे. विचारणाऱ्याला तेथेच उत्तर मिळाले, तर तो आपल्या पानापर्यंत येईल कशाला, अशी धास्ती लिहिणाऱ्यांना वाटते, आणि ती निराधार नाही. पण ते उत्तरही कोणाच्या तरी पानांवरूनच रचलेले असते. मराठीत नेमके आणि खरे लिहिलेले पान नसेल, तर यंत्र दुसऱ्या भाषेतले किंवा चुकीचे उचलील, एवढे निश्चित.

म्हणून शिक्षक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. सातवी-आठवीच्या मुलांना निबंध देताना एकदा असा विषय द्या: "आपल्या गावात काय पिकते, काय बनते, आणि परगावच्या माणसाला ते कसे सापडेल?" मुलांनी गावाचे, तालुक्याचे नाव लिहावे, वस्तूचे गावातले खरे नाव लिहावे, हंगाम लिहावा, भाव कसा ठरतो ते विचारून लिहावे. त्यातला सर्वांत चांगला निबंध युनिकोडात टंकून शाळेच्या संकेतस्थळावर ठेवा. एका तासाचे हे काम आहे. गावच्या विणकराला, कुंभाराला किंवा बागायतदाराला त्यातून एखादे दूरचे गिऱ्हाईक मिळाले, तर मुलांना आपल्या निबंधाची किंमत गुणांहून वेगळ्या मापाने कळेल.